निजामी आगगाडीचा इतिहास व त्याचीं साधनें : नांदेड आणि लातूर येथील मार्गांच्या अनुरोधानें

मराठवाड्यांतील आगगाडीसंबंधीं जें लेखन आमच्या पाहण्यांत येतें त्यांत 'निजामाची रेल्वे' हा एकच शब्द सर्वत्र योजिलेला आढळतो. वाडीचा मार्ग निजामाचा, नांदेडचा निजामाचा आणि लातूरचाही निजामाचाच, असें सरसकट म्हणण्याची ही रीत इतकी रूढ झाली आहे कीं, ती चुकीची आहे असें म्हणणाऱ्यासच उलट पुरावा मागितला जातो. तो पुरावा देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. ताम्रपट, बखरी व मोडी दप्तरें यांत रमणाऱ्या वाचकांस वाफेच्या यंत्राचा विषय कदाचित् परका वाटेल. परंतु ज्या कागदास शंभर वर्षें होऊन गेलीं तो कागद संशोधकाचा झाला. मग त्यावरील शिक्का पेशव्यांचा असो वा लंडनच्या एखाद्या कंपनीचा असो.

पहिली गोष्ट नांवाची. वंशावळींत आजा व नातू एकाच नांवाचे आले म्हणजे जो घोटाळा होतो तोच येथें झाला आहे. हैदराबाद संस्थानानें इ. स. १८७० मध्यें इंग्रज सरकाराशीं करार करून वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग बांधविला आणि तो १८७४ त सुरू झाला. याचें नांव 'निजामाज स्टेट रेल्वे'. प्रारंभीं त्यावर गाड्या चालविण्याचें काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीकडे, म्हणजे आपण जिला जी. आय. पी. म्हणत आलों तिच्याकडे होतें. पुढें १८८३ त लंडनमध्यें 'निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे' या नांवाची कंपनी निघाली. तिनें १ जानेवारी १८८५ पासून हा मार्ग आपल्या हातीं घेतला व १८८९ त तो वरंगळावरून बेझवाड्यास नेऊन पोंचविला. १ एप्रिल १९३० रोजीं संस्थानानें कंपनीपासून सर्व मार्ग खरेदी केले आणि नांव पुन्हां 'निजामाज स्टेट रेल्वे' झालें. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं ती मध्य रेल्वेंत विलीन होऊन हें नांव संपलें.

म्हणजे पहिलें व तिसरें नांव एकच, आणि मध्यें सत्तेचाळीस वर्षांची एक परकी कंपनी. हा भेद ध्यानीं न घेतल्यामुळें कंपनीच्या कारभाराचा दोष संस्थानाच्या माथीं व संस्थानानें केलेल्या खर्चाचें श्रेय कंपनीच्या पदरीं, असा उलटसुलट हिशेब कित्येक लेखांत मांडलेला दिसतो. संग्राहकांस मात्र याच भेदाचा एक सोपा उपयोग आहे. कागदाच्या शीर्षावर 'गॅरंटीड' हा शब्द असेल तर तो कागद १८८३ नंतरचा व १९३० च्या आगेमागेचा, हें उघड आहे. तो शब्द नसून नुसतें 'निजामाज स्टेट रेल्वे' असें छापलेलें आहे आणि खालीं नांदेड, परभणी वा जालना यांपैकीं एखादें स्थानक आहे, तर तो कागद बहुधा १९३० नंतरचाच मानावा. कारण पहिल्या 'निजामाज स्टेट रेल्वे'च्या काळीं या गांवांस रूळच पोंचलेला नव्हता. पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा ठरविण्याचें इतकें स्वच्छ साधन आपल्यास शिलालेखांतही क्वचित् मिळतें.

आतां त्या 'गॅरंटीड' शब्दाचा अर्थ. गॅरंटी म्हणजे हमी. कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षेंपर्यंत दरसाल शेंकडा ५ व्याज सुटेल, आणि उत्पन्नांतून तें न सुटल्यास उणी पडेल ती रक्कम संस्थानाचा खजिना भरील, असा हा ठराव होता. लंडनमधील भागीदाराचें नुकसान होण्याचा संभव यांत जवळजवळ नव्हता. जोखीम कोणाची, याचें उत्तर खजिन्यांत पैसा कोठून येई या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. हैदराबादच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जमीनमहसूल होता, आणि त्या महसुलाचा मोठा भाग आमच्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनींतून उभा राही. हमी १८८५ पासून चालू झाली. गोदावरी खोऱ्याचा मार्ग उघडण्यास प्रारंभ झाला १८९९ त. म्हणजे वीस वर्षांच्या मूळ हमीपैकीं पहिलीं चौदा वर्षें अशीं गेलीं कीं, नांदेड व परभणीचा रयत ज्या कंपनीच्या व्याजाची जोखीम वाहत होता तिचा एक रूळही त्याच्या जिल्ह्यांत नव्हता. हें गणित मांडण्यास कोणतेंही गुप्त दप्तर लागत नाहीं. दोन प्रसिद्ध तारखांची वजाबाकी केली कीं पुरे. तरी ती वजाबाकी केलेली आमच्या वाचनांत आलेली नाहीं.

कराराच्या तारखेकडेही कोणी पुरेसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. पहिले सालारजंग ८ फेब्रुवारी १८८३ रोजीं वारले. त्या वेळीं निजाम मीर महबूब अली खान हे अज्ञान होते. लॉर्ड रिपन यांचे हस्तें त्यांस राज्याधिकार मिळाले ते ५ फेब्रुवारी १८८४ रोजीं. मधल्या वर्षांत कारभार राजे नरेंद्रप्रसाद व मृत दिवाणाचे पुत्र मीर लायक अली यांच्याकडे संयुक्त होता. आणि कंपनीचा करार झाला २७ डिसेंबर १८८३ रोजीं! दिवाण नाहीं, राजा अज्ञान, आणि राज्याधिकार मिळण्यास सहा आठवड्यांहून कमी अवधि उरलेला. अशा संधींत वीस वर्षांचें ओझें खजिन्यावर चढलें. करार पुढें ढकलून तरुण राजाच्या संमतीची वाट पाहण्यास काय अडचण होती, हा प्रश्न इतिहासकारानें विचारला पाहिजे. त्यावर पूर्वपक्ष असा करतां येईल कीं, बोलणीं पहिल्या सालारजंगांच्या हयातींतच चालू होतीं, सबब हा घाईचा डाव म्हणतां येत नाहीं. हा पूर्वपक्ष आम्ही मान्य करतों, पण अर्धाच. बोलणीं करणें निराळें आणि सही करणें निराळें, हें जमीनजुमल्याचे कज्जे पाहिलेल्या कोणासही सांगावें लागणार नाहीं.

त्या वेळीं हैदराबादेंतील सुशिक्षितांस हें कळलें नव्हतें असेंही नाहीं. चांदा रेल्वेची योजना म्हणून जी प्रसिद्ध आहे तिची उघड चर्चा व्हावी अशी चळवळ १८८३ त झाली आणि तींत पुढाकार घेतल्याबद्दल अघोरनाथ चट्टोपाध्याय यांस संस्थानाबाहेर घालविण्यांत आलें. हे सरोजिनी नायडू यांचे वडील व हैदराबादच्या उच्च शिक्षणाचे एक संस्थापक. लंडनमध्यें रेल्वेच्या वाटाघाटी करणारे अब्दुल हक यांचें नांव पुढें १८८८ त दक्षिणेंतील खाणींच्या प्रकरणांत इतकें गाजलें कीं, त्याची चौकशी ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढें झाली. या दोन प्रकरणांचे उल्लेख राजकीय इतिहासांत येतात, रेल्वेच्या इतिहासांत येत नाहींत. जणू रूळ निराळ्या देशांत पडले आणि राजकारण निराळ्या देशांत झालें!

यास कारण साधनांची निवड. सय्यद हुसेन बिलग्रामी व विल्मट यांचा निजामाच्या राज्यावरील दोन भागांचा इंग्रजी ग्रंथ या विषयावर वारंवार पुढें केला जातो. ग्रंथ मौल्यवान आहे यांत शंका नाहीं. परंतु तो १८८३–८४ चा, दरबारांतील अधिकाऱ्याच्या हातचा, आणि गोदावरी मार्गाच्या पूर्वींचा आहे. नांदेडच्या आगगाडीविषयीं त्याची साक्ष काढणें म्हणजे न जन्मलेल्या पुत्राची पत्रिका मांडणें होय. १९०९ सालचें गॅझेटियर त्या मानानें उपयोगी, पण तेंही राज्यकर्त्यांसाठीं लिहिलेलें. मार्ग किती मैल झाला हें त्यांत सांपडतें; तो कोणाच्या जिवावर झाला हें तेथें शोधण्यांत अर्थ नाहीं. अशा साधनांचा दोष नाहीं. तीं जें सांगण्यासाठीं निर्माण झालीं तेवढें सांगतात. दोष आहे तो, जें त्यांत नाहीं तें घडलेंच नाहीं असें मानणाऱ्या लेखकांचा.

आतां नांदेडच्या मार्गाकडे वळूं. मनमाड येथें जी. आय. पी. च्या रस्त्यास मिळणारा आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद यांवरून सिकंदराबादेस जाणारा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा मार्ग १८९९ ते १९०१ या काळांत टप्प्याटप्प्यानें उघडला. तो चालविण्याचें काम वरील कंपनीकडेच होतें. त्याचें माप मीटरचें, म्हणजे ३ फूट ३⅜ इंच. मनमाडास येणाऱ्या मुंबईच्या रस्त्याचें माप ५ फूट ६ इंच. दोन रुळांच्या मापांतील या अंतरामुळें नांदेडचा कापसाचा गठ्ठा मनमाडच्या मालधक्क्यावर उतरवून पुन्हां दुसऱ्या डब्यांत चढवावा लागे. हमालीचा हा खर्च कोणत्याही अहवालाच्या जमाखर्चांत एका ओळींत बसून जातो, परंतु नांदेडच्या अडत्याच्या वहींत तो प्रत्येक गठ्ठ्यास लागलेला असणार. मीटर मापाची ही अडचण विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मनमाडकडून रूळ रुंद होत आले तेव्हां दूर झाली.

याच मार्गाविषयीं असें लिहिलें जातें कीं, तो दुष्काळनिवारणार्थ झाला व त्यानें लोक वांचविले. संवत् १९५६ वरून ज्यास छपनिया म्हणतात तो १८९९–१९०० चा भयंकर दुष्काळ मार्ग अपुरा असतांनाच पडला, ही गोष्ट असें लिहिणाऱ्यांनीं आधीं पहावी. शिवाय आगगाडी धान्य आणते तशी नेतेही. कोणत्या महिन्यांत कोणत्या स्थानकीं किती पोतीं उतरलीं व किती चढलीं हें दाखविल्याविना 'वांचविले' हें क्रियापद वापरूं नये. आणि 'लुटलें' हेंही वापरूं नये. राष्ट्रीय बाण्याचे आमचे कित्येक लेखक दुसऱ्या क्रियापदाच्या बाबतींत तितकेच उदार आहेत.

या मार्गावरील स्थानकांचीं नांवें हें एक स्वतंत्र साधन आहे. परभणीच्या अलीकडे 'मानवत रोड' लागतें. मानवत गांव तेथून कांहीं अंतरावर आहे. स्थानकाच्या नांवापुढें 'रोड' हा शब्द आला म्हणजे समजावें कीं रूळ गांवास गेला नाहीं, गांवास रुळाकडे यावें लागलें. बार्शी रोड व लातूर रोड हीं नांवें याच जातीचीं. पूर्णा मात्र याचें उलट उदाहरण. १९१२ त तेथून हिंगोलीचा फांटा फुटला आणि पूर्णेस जंक्शनाचें महत्त्व आलें तें सर्वस्वीं रुळामुळेंच. नांदेड हें त्या मानानें पुरातन. शीखपंथाचें हुजूर साहिब तेथें असल्यामुळें पंजाबाकडील यात्रेकरू रुळाच्या आधींपासून येत होते, व आतां त्या स्थानकाच्या नांवांतही हुजूर साहिब आलें आहे.

लातूरची कथा सर्वस्वीं निराळी. लातूर संस्थानच्या मुलखांत होतें हें खरें, पण तेथें पहिला रूळ निजामानें आणला नाहीं, आणि निजामाच्या नांवाच्या कंपनीनेंही आणला नाहीं. तो आणला बार्शी लाइट रेल्वे या लंडनमध्यें नोंदलेल्या दुसऱ्याच कंपनीनें. तिचा जनक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप (१८५७–१९२७). हा गृहस्थ १८८२ त जी. आय. पी. च्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. बालाघाटाकडील माल बैलगाड्यांतून बार्शीच्या पेठेंत उतरतो व तेथून पुन्हां गाड्यांनींच जी. आय. पी. च्या स्थानकावर जातो, हें पाहून त्यानें हलक्या आगगाडीची कल्पना काढली. नोकरी सोडून कित्येक वर्षें तिचा पाठपुरावा केल्यावर १८९५ त कंपनी उभी राहिली, आणि १८९७ त बार्शी रोड म्हणजे आजचें कुर्डुवाडी ते बार्शी हा सुमारें २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. १९०६ त एक फांटा पंढरपुरास गेला. दुसरें टोंक ताडवळ्यावरून संस्थानच्या हद्दींत शिरून १९११ त लातुरास पोंचलें. १९२७ त पंढरपुराहून मिरजेपर्यंत रूळ जाऊन २०२ मैलांचा मार्ग पुरा झाला.

रुळांचें माप अवघें अडीच फूट. परंतु कॅल्थ्रॉपची खुबी मापांत नसून वजनाच्या वाटणींत होती. कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं, आणि इंजिन असो वा डबा असो, प्रत्येक आंसावर तो भार शक्य तितका सारखा पडला पाहिजे, हा त्याचा नियम. नियम पाळला म्हणजे हलके, स्वस्त रूळ चालतात, आणि तरी डब्यांत माल पुष्कळ भरतां येतो. यासाठीं लीड्सच्या किट्सन कारखान्यांत त्यानें आठ जोडचाकें व मागें चार आधारचाकें असलेलीं इंजिनें करविलीं. त्यांचें वजन सहा आंसांवर वांटलें जाई. डब्यांचे सांगाडे एकाच लांबीचे ठेवले, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्यास बसावा. १८९४ त लीड्सजवळ न्यूले येथें प्रायोगिक रूळ टाकून त्यानें हीं वाहनें लोकांस दाखविलीं, आणि इंग्लंडांतील लघुमार्गांचे पुरस्कर्ते पुढें बार्शीचा दाखला देऊं लागले. सोलापूर जिल्ह्यांतील एका पेठेचें नांव त्या देशाच्या यंत्रशास्त्रांत गेलें, याचा अभिमान वाटण्यास हरकत नाहीं.

मात्र याच यशामुळें लातूरच्या मार्गाचें इतिहासलेखन एका बाजूस कललें आहे. ज्यांनीं त्यावर प्रेमानें लिहिलें ते बहुधा इंजिनांचे शोकी. इंजिनाचा क्रमांक, चाकांची रचना, रंग, कारखाना यांची नोंद ते इतक्या बारकाईनें करतात कीं, आमच्या पोथ्यांचे सूचीकारही लाजतील. परंतु त्या इंजिनामागील डब्यांत काय होतें, हें त्यांच्या लेखांतून कळत नाहीं. लातूरचा कापूस व गळिताचें धान्य हैदराबादेकडे न जातां कुर्डुवाडीवरून मुंबईकडे वाहूं लागलें. संस्थानची एक भरभराटीची पेठ संस्थानच्या राजधानीकडे पाठ करून उभी राहिली. आणि जिल्ह्याचें ठाणें जें धाराशीव, त्यास हा रूळ बाजूस टाकून गेला. हे तीन विषय इंजिनाच्या चाकांहून कमी मनोरंजक आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. धाराशीवास रूळ मिळाला तो या शतकाच्या पहिल्या दशकांत, कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद करतांना त्याची दिशा बदलली तेव्हां.

याच संदर्भांत आणखी एका मताचा परामर्श घेणें भाग आहे. लातूरचा रूळ मुंबई इलाख्यास जोडलेला होता म्हणून मराठवाड्याचें मन आधींच महाराष्ट्राकडे वळलें, आणि १९५६ त द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत तो प्रदेश आला याचें बीज त्यांत आहे, असें कांहीं लेखक सुचवितात. वाचावयास हें गोड आहे. परंतु नांदेडचा रूळही मनमाडास मुंबईच्या रस्त्याला मिळत होता, आणि निजामाबाद त्याच रुळावर असून महाराष्ट्रांत आलें नाहीं. भाषेचें व चळवळीचें कार्य रुळास देणें हा काकतालीय न्याय झाला.

दोन कंपन्यांचा भेद मात्र आश्चर्यकारक रीतीनें टिकला. बार्शीची कंपनी १९५४ त सरकारनें घेतली व तो मार्ग मध्य रेल्वेकडे आला. निजामाचा मार्ग १९५१ त मध्य रेल्वेंत गेला खरा, पण १९६६ त सिकंदराबादेस दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर तिच्याकडे वर्ग झाला, व २००३ त तिचा नांदेड विभाग निघाला. लातूर शहराचें स्थानक मात्र आज मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागांत आहे. एकोणिसाव्या शतकांत लंडनमधील दोन कचेऱ्यांनीं जी रेघ ओढली ती कंपन्या जाऊनही पुसली गेली नाहीं.

आतां साधनांसंबंधीं थोडें. हैदराबाद सरकारचे कागद फसली सनाचे, कंपन्यांचे इसवी सनाचे. फसली सनांत ५९० मिळविले कीं इसवी सन निघतो असें धरून कित्येक लेखक पुढें जातात. संस्थानचें फसली वर्ष ऑक्टोबरांत, आजुर महिन्यापासून सुरू होई. सबब ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांस ५९०, व जानेवारीपासून पुढें ५९१ मिळविले पाहिजेत. एका वर्षाचा हा फरक क्षुल्लक नाहीं. मार्ग उघडण्यापूर्वींचा कागद त्यानें उघडल्यानंतरचा ठरतो. तीच गोष्ट नाण्याची. हाली सिक्क्याचे ७ रुपये म्हणजे स्थूलमानानें कलदार ६. रक्कम कोणत्या नाण्याची हें न पाहतां संस्थानच्या व कंपनीच्या आंकड्यांची बेरीज केलेलीं कोष्टकें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि तीं पाहून आमच्या जुन्या शाळेंतील अंकगणिताचे तास आठवले.

स्कॉटलंडांत नॉर्थ ब्रिटिश रेल्वे नांवाची कंपनी १८४४ त निघाली व १९२३ त दुसऱ्या मोठ्या कंपनींत विलीन झाली. कंपनी नाहींशी झाली, पण तिचीं दप्तरें एडिंबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत, आणि तिच्यासाठीं वाहिलेलें अभ्यासमंडळ जुनीं तिकिटें व वेळापत्रकें गोळा करून छापतें. त्यामुळें तेथील लेखकाचें विधान दुसऱ्यास ताडून पाहतां येतें. आमच्याकडे जो संग्राहक ज्ञानेश्वरीच्या फाटक्या पानासाठीं वीस कोस जाईल, तोच त्याच माळ्यावरील बिल्ट्यांचा गठ्ठा रद्दीवाल्यास देऊन मोकळा होतो. बिल्टीवर काय असतें? माल पाठविणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव, दोन्ही स्थानकें, पोत्यांची संख्या, वजन, भाडें व तारीख. दुष्काळांत धान्य आलें कीं गेलें, कापूस कोणत्या वाटेनें गेला, मनमाडाची हमाली कोणी सोसली, या वर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर अहवालांत नसून या कागदांत आहे. नांदेड, उमरी, धर्माबाद, सेलू व लातूर येथील जुन्या अडतींच्या घरीं ते असण्याचा संभव अधिक, आणि तीं घरें पाडून नवीं बांधण्याचें काम जोरांत चाललें आहे. पोथी धर्मभावानें तरी राखली जाते. बिल्टीस तें संरक्षण नाहीं.

एक अगदीं अलीकडची नोंद जोडतों. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरांत पिण्याचें पाणी संपलें तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहांटे १० टाक्यांतून ५ लक्ष लिटर पाणी घेऊन आली, आणि नंतर ऑगस्टपर्यंत अशा गाड्या येत राहिल्या. मिरज व लातूर हीं कॅल्थ्रॉपच्या मार्गाचीं दोन टोंकें. रूळ आतां रुंद आहेत आणि धाराशीवापाशीं वाट बदलली आहे, पण पंढरपूर व कुर्डुवाडी हीं मधलीं ठिकाणें तींच. त्या गाड्यांच्या पावत्यांवर माल या रकान्यांत 'पाणी' असें लिहिलेलें असेल. त्या कोणत्या कचेरींत आहेत याची चौकशी आतांच व्हावी.